तीन कुलपं आणि दोन मेणबत्त्या

१

सोमवारी सकाळी सिमेउन ग्रुबोरची टोपी देरविशच्या पाणचक्कीच्या पाटात अडकलेली सापडली. टोपीला रक्त लागलं होतं. शेजारी गवतात त्याची गळ्यातली साखळी पडली होती आणि साखळीला किल्ली नव्हती.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं क्लादनिकच्या कोर्टात तपास न्यायाधीश आहे, प्रेतं पाहिलीत, खुनी पाहिलेत. पण ती रिकामी साखळी पाहिली आणि माझी पाचावर धारण बसली.

ती किल्ली कसली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ब्याण्णव साली वसंतात बावन्न दिवस गोळीबार चालला आणि मग थांबला. थांबला म्हणजे काय, कुलपात गेला. देश मोडता मोडता राहिला, देश उभा करणाऱ्या मार्शलची तसबीर भिंतीवर राहिली आणि गावोगावच्या बंदुका गोळा करून एकेका डेपोत ठेवल्या. डेपोच्या दाराला तीन कुलपं. एकाची किल्ली सर्बांकडे, एकाची क्रोआटांकडे, एकाची आम्हा मुसलमानांकडे. तिघांनी मिळून उघडलं तरच दार उघडणार. करारात एक वाईट कलम होतं. एखाद्या जमातीचा किल्लीदार परक्यांच्या हातून मेला, किंवा नाहीसा होऊन तीन दिवसांत त्याचा छडा लागला नाही, तर तिन्ही कुलपं उघडायची आणि ज्याने त्याने आपला वाटा उचलायचा.

सिमेउन हा सर्बांचा किल्लीदार. देरविश मुसलमान. सोमवारी दुपारी बाराला घड्याळ लागलं. गुरुवारी बाराला दार उघडणार होतं.

माझं नाव वाहिदा. माझा नवरा वुकाशिन, सर्ब, शाळेत भूगोल शिकवतो. दार उघडलं की आमच्या घरात कोण कुणाच्या वाट्याला जाणार, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नव्हतं.

२

देरविशला मी कोर्टाच्या तळमजल्यावर ठेवलं. अटक म्हणून नाही, बाहेर जमलेल्या माणसांपासून वाचावा म्हणून. सत्तरीचा म्हातारा, भुवयांत अजून पीठ.

"बाई, मी आणि सिमेउन बांधावरच्या अक्रोडापायी तीस वर्षं भांडतोय," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत नाही मारलं. आता दोघांचेही गुडघे गेल्यावर मारीन होय?"

"रविवारी तुमच्याकडे आला होता?"

"येणारच. रविवारी भांडायला यायचा, राकी पिऊन जायचा. मी म्हटलं, झाड अर्धं तोडून ने. तो म्हणाला, तुझ्या डोक्यावर पडलं तर सगळंच नेतो." म्हातारा हसला आणि हसता हसता रडायला लागला. "पण काल त्याचं भांडणात लक्ष नव्हतं. म्हणाला, कूम रोज घरी येतो. कॉफी पिऊन होते तरी उठत नाही."

"काय मागतो?"

"ते नाही बोलला. उठताना एवढंच म्हणाला, देरविशा, तुझ्यासारखा वैरी बरा, निदान वेळेवर घरी तरी जातो."

कूम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला, मुलांच्या बाप्तिस्म्याला त्यांना हातात धरलेला माणूस. सर्बांमध्ये सख्ख्या भावाशी एकवेळ अबोला चालतो, कुमाशी नाही. सिमेउनचा कूम म्हणजे स्वेतोझार लालिच, गावच्या पक्ष समितीचा चिटणीस. करारात सर्बांचा पुढचा किल्लीदार म्हणून सिमेउनच्या पाठोपाठ त्याचंच नाव होतं.

खिडकीवर दगड आला. काच फुटून देरविशच्या मांडीवर पडली. तो ती बोटांनी वेचत बसला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "गुरुवारपर्यंत तरी मला जिवंत ठेवाल ना?"

३

क्रोआटांचा किल्लीदार ब्लाझ, औषधाच्या दुकानाचा मालक. त्याने दार उघडलं नाही, शटरच्या फटीतून बोलला.

"रविवारी संध्याकाळी तुम्ही पुलावरून पळत जाताना दिसलात," मी म्हटलं.

"दिसलो ना? मग लपवून काय करू. बायकापोरांना समुद्राकडे मेव्हण्याकडे धाडलं. बस सुटत होती." फटीतून त्याचा एकच डोळा दिसत होता. "किल्ली बनियनला शिवून टाकलीय. माझ्याआधी सिमेउन गेला म्हणजे आता माझा नंबर. तुम्हीही जा कुठेतरी, कॉम्रेड. तुम्हाला तर दोन्हीकडचे मारतील."

बसच्या कंडक्टरने त्याचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं. ब्लाझ सुटला. मला मात्र त्याचं ते शेवटचं वाक्य घरापर्यंत पुरलं.

संध्याकाळी सर्बांच्या देवळात, त्यांच्या चर्चमध्ये, सिमेउनसाठी प्रार्थना होती. मी दारातच उभी राहिले. माझी सासू येव्रोसिमा तिथे मेणबत्त्या विकते. तिच्या टेबलाशेजारी दोन मजली लोखंडी घडवंची आहे, वर वाळूचा एक थाळा, खाली दुसरा. वरचा थाळा इतका भरला होता की उजेडाने सगळ्यांचे चेहरे पिवळे दिसत होते.

मग स्वेतोझार लालिच आत आला आणि गर्दी दुभंगली. चाळीस वर्षांत हा माणूस देवळाची पायरी चढला नव्हता. पक्षाच्या सभेत देवाची टिंगल त्याच्याइतकी रंगवून कुणी करत नसे. त्याने माझ्या सासूकडून दोन मेणबत्त्या घेतल्या. एक वर खोचली, दुसरी खाली वाकून. वाकला तो उठेचना. खांदे गदगदत होते. बायका हुंदके देऊ लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर येऊन तो पायऱ्यांवर उभा राहिला. "माझा कूम जिवंत आहे!" तो ओरडला. "आणि गुरुवारपर्यंत त्यांनी तो परत दिला नाही, तर आम्ही जाऊन आणू!"

"त्यांनी" म्हणताना त्याने कुणाकडेही बोट दाखवलं नाही. तरीही सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

४

मंगळवारी माझा भाऊ फिक्रेत घरी आला होता. तो बस आगारात मेकॅनिक. वुकाशिन आणि तो अंगणात आमची जुनी गाडी उघडून बसले होते. मी गेले तशी दोघं गप्प झाले. दोघांचे हात तेलाने बरबटलेले.

"एवढं काय चाललंय?"

"कार्बोरेटर," फिक्रेत म्हणाला. "तुझ्या नवऱ्याला भूगोल येतो, पण गाडी कुठे नेली की बंद पडते ते कळत नाही."

दोघं हसले. दोन निरनिराळ्या जमातींची माणसं माझ्या अंगणात एका गाडीत डोकं घालून हसताहेत, याचंच मला इतकं बरं वाटलं की मी कॉफी ठेवली. जेवताना वुकाशिनने तळघरातून आयवारची बरणी आणली. दोन महिने झाले, मिरचीची ही चटणी आणायला तो मला खाली जाऊच देत नव्हता. जिना अवघड आहे, तुझे गुडघे दुखतात, म्हणायचा. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर नवऱ्याला बायकोचे गुडघे दिसावेत, याचं मला कौतुक वाटत होतं.

दुपारी सिमेउनच्या बायकोकडे गेले. तिने टेबलावर नवऱ्याचं ताट वाढून ठेवलं होतं, वर पालथी बशी.

"रविवारी देरविशकडून घरी आला होता का?"

"नाही. तळ्यावर जाऊन येतो म्हणून सकाळीच सांगून गेला होता." सिमेउन सहकारी संस्थेच्या कार्प माशांच्या तळ्याचा रखवालदार. "या आठवड्यात तळं रिकामं करायचं होतं. संत निकोलाच्या सणाला अख्ख्या गावाला मासा लागतो. पण स्वेतोझार काल येऊन म्हणाला, वहिनी, सिमेउन येईपर्यंत तळ्याचं पाणी सोडायच्या दाराला कुणी हात लावायचा नाही. तोच येऊन उघडेल." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. "कूम असावा तर असा."

मी मान डोलावली. मलाही ते वाक्य आवडलं होतं. आपल्याला आवडलेल्या वाक्यांची चौकशी आपण करत नाही, आणि मी तर चौकशीचाच पगार घेते.

घरी आले तर टेबलावर राखीव दलाची चिठ्ठी पडली होती. वुकाशिनच्या नावाने. गुरुवारी दुपारी बारा वाजता, डेपोपुढे हजर राहावे.

५

बुधवारी दुपारी सासूने मला देवळात बोलावून घेतलं. तिला माझ्या धर्माशी कधी घेणंदेणं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, तुला भाकरीचं पीठ मळता येतं ना, मग माझी हरकत नाही.

"वुकाशिनसाठी लाव," ती मेणबत्ती पुढे करत म्हणाली. "मी तीन लावल्या. पण तू बायको आहेस."

देऊळ रिकामं होतं. मला रडू येत होतं, वरच्या थाळ्यात जागा दिसेना, म्हणून मी वाकून खालच्या वाळूत मेणबत्ती खोचली.

फाडकन माझ्या हातावर चापट बसली.

"मारतेस काय माझ्या पोराला!" सासूने मेणबत्ती उपटून फुंकली. "खाली मेलेल्यांच्या! जिवंतांच्या वर! अठरा वर्षं माझ्या घरात राहतेस आणि एवढं ठाऊक नाही?"

"माफ करा आई. मला खरंच ठाऊक नव्हतं."

"तुझं एक सोड, तू परकी. तो स्वेतोझार! पाद्र्याचा नातू, लहानपणी हीच वाळू चाळून थाळ्यात भरायचा. तो तसाच बावचळला."

मी विझलेली मेणबत्ती तिच्या हातातून घेतली.

"आई, सोमवारी त्याने दोन घेतल्या होत्या."

"हो. एक मिलेवासाठी, बायको आजारी आहे ना त्याची. तसं बोलूनच घेतली. ती बरोबर वर लावली."

"आणि खालची?"

"खालची सिमेउनची. मी म्हटलं, दुःखात माणसाला वरचं-खालचं..." ती बोलता बोलता थांबली. म्हातारी हुशार आहे. मी जे जोडत होते ते तिनेही जोडलं आणि टेबलाची कड घट्ट धरली. "वाकला तेव्हा म्हणाला होता, माफ कर कुमा. मी कानांनी ऐकलं. मला वाटलं, शोधू शकलो नाही म्हणून म्हणतोय."

बायकोसाठी वर, कुमासाठी खाली. ज्याला वरचं-खालचं कळत नाही तो दोन्ही एकाच थाळ्यात लावेल. सोमवारी संध्याकाळी अख्खं गाव सिमेउन जिवंत आहे म्हणून वर मेणबत्त्या लावत होतं. तो मेलाय हे फक्त एकाला ठाऊक होतं, आणि तो तिथून उठून बाहेर आला आणि पायऱ्यांवरून ओरडला, माझा कूम जिवंत आहे.

आणि तळ्याच्या दाराला कुणी हात लावायचा नाही.

"हे कुणाला बोलू नकोस, सूनबाई," सासू म्हणाली. "ते तुलाही तळ्यात टाकतील."

तळ्याचं नाव मी काढलंच नव्हतं. म्हातारी माझ्याही पुढे पोचली होती.

६

गुरुवारी पहाटे मी मिलिशियाची, म्हणजे आमच्या पोलिसांतली, दोन विश्वासाची माणसं तळ्यावर पाठवली, एक सर्ब, एक मुसलमान. तळं रिकामं व्हायला सहा तास लागतात. सव्वादहाला मी एकटीच स्वेतोझारच्या कचेरीत गेले. खिडकीखाली डेपोकडे माणसं निघाली होती. काहींनी रिकाम्या पिशव्या आणल्या होत्या, बाजाराला निघावं तशा.

"या कॉम्रेड न्यायाधीश," तो म्हणाला. "म्हाताऱ्याने कबूल केलं का?"

"त्याच्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही. तुम्ही सोमवारी मेणबत्ती लावलीत, ती कुणासाठी?"

"कुमासाठी. का, पक्षातून काढणार आहात?"

"खालच्या थाळ्यात लावलीत."

त्याने पापणीही हलवली नाही. "मी नास्तिक माणूस. जागा दिसली तिथे लावली."

"मिलेवाताईंची बरोबर वर लावलीत."

"योगायोग."

"असेल. मग एक करा. देऊळ इथून चाळीस पावलांवर आहे. माझ्या सासूने थाळा साफ केलेला नाही, सिमेउनच्या मेणबत्तीचं थोटूक अजून खालीच आहे. चला, लोकांसमोर ते उचला, वर लावा आणि म्हणा, माझा कूम जिवंत आहे. एवढं केलंत की मी देरविशला तुमच्या हवाली करते."

आतापर्यंत मी असं धाडसाचं बोलले नव्हते. तो नुसता जाऊन मेणबत्ती हलवून आला असता तर देरविश मेला असता, आणि तो माझ्या शब्दाने मेला असता.

स्वेतोझार उठला. टोपी घातली. दारापर्यंत गेला, मुठीवर हात ठेवला. तसाच उभा राहिला.

"पायऱ्यांवरून तर ओरडून सांगितलंत," मी म्हटलं.

"ती माणसं होती," तो माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला. "माणसांशी खोटं बोलण्यात माझी हयात गेली. हे नाही होणार माझ्याच्याने. आजीने हात धरून शिकवलंय मला ते."

तो परत येऊन खुर्चीत बसला आणि खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"तीनदा म्हटलं, किल्ली दे आणि चार दिवस नाहीसा हो. तीनदा नाही म्हणाला. वल्हं हाताशी होतं. नंतर टोपी आणि साखळी नेऊन चक्कीवर टाकली."

"डेपो उघडण्यासाठी? बंदुकांसाठी तुम्ही कुमाला मारलंत?"

तो मोठ्याने हसला. इतकं भेसूर हसणं मी ऐकलेलं नाही.

"बंदुका! अहो बाई, कुठल्या जगात राहता? बंदुका केव्हाच आल्यात, वाटल्याही गेल्यात. प्रत्येक घरात आहेत, सगळ्यांच्या. आम्हाला डेपो नको होता. त्या बाहेर काढायला कारण हवं होतं."

७

बाराला पाच कमी असताना तळ्यावरून निरोप आला. गाळात सिमेउन सापडला होता. कंबरेला जाळ्याची शिशाची वजनं बांधलेली, आणि ती गाठ स्वेतोझारच्या होडीवरच्या दोराची.

मी डेपोपुढे पिंपावर चढून सगळं वाचून दाखवलं. कुणी मारलं, कशाने, कुठे. गर्दीतून कुणी "खोटं!" ओरडलं असतं तर मी तिथेच कोसळले असते. पण माझी सासू पुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी ऐकलंय. माफ कर कुमा, म्हणाला. माझ्यासमोर." कुमाला मारलं हे ऐकल्यावर माणसं डेपोकडे बघेनाशीच झाली. त्यांनी टोप्या काढल्या. रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घातल्या. परक्याचा हात नव्हता, तेव्हा कलम लागू नव्हतं. तिन्ही कुलपं बंद राहिली.

देरविशला मी स्वतः पोचवलं. चक्कीशी येताच तो म्हणाला, "आता त्या अक्रोडाचं काय करू? भांडायला कोण आहे?" आणि ओट्यावर बसून राहिला.

घरी आले तेव्हा ऊन होतं. वुकाशिन अजून आला नव्हता. मला आठवत होतं ते फक्त एकच वाक्य, प्रत्येक घरात आहेत. मी स्वतःला म्हटलं, खुनी माणूस, जाता जाता विष कालवून गेला. भूक लागलीय, आयवार आणू.

गुडघे काही दुखले नाहीत. जिनाही अवघड नव्हता.

बरण्या नीट रांगेत होत्या, प्रत्येकीवर वुकाशिनच्या वळणदार अक्षरात साल लिहिलेलं. मी पुढच्या रांगेतल्या चार बाजूला केल्या. मागे मिरच्या नव्हत्या. मेणकापडात गुंडाळलेलं लांब काहीतरी भिंतीला टेकवलेलं होतं. मी कापड थोडं उचललं. लोखंड चकाकत होतं, नुकतं तेल दिल्यासारखं, आणि तो वास मला ओळखीचा होता. मंगळवारी मी त्याच वासात बसून कॉफी ओतली होती.

जिन्यावर पावलं थांबली.

"वाहिदा," वुकाशिन वरून म्हणाला. "वर ये. मी सांगतो."

"कुणासाठी आहे ही?"

"आपल्यासाठी. तुझ्यासाठी. काही झालंच तर."

"कुणापासून?"

माझ्या बोटांना तेल लागलं होतं, मी ते झग्याला पुसत राहिले, निघेना.

"आणि हे तेल कुठून आणलंस?"

"फिक्रेतने दिलं," माझा नवरा म्हणाला. "त्याची स्वतःची पुसून झाल्यावर उरलं होतं."